कोपरा बसवायला चौदा मिनिटं

माझं काम वाऱ्याचं आहे असं सांगितलं, की नातेवाइकांना मी हवामान खात्यात आहे असं वाटतं. एका आतेभावाने तर भर लग्नात, अक्षता हातात असताना, मला यंदाच्या थंडीबद्दल विचारलं होतं. मी थंडी बरी पडेल असं सांगून टाकलं. खरं सांगत बसले असते तर मंगलाष्टकं संपून गेली असती.

खरं असं, की मी चाकणच्या पट्ट्यात गाड्या बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. गाडी पळायला लागली की समोरची हवा तिला मागे रेटते. किती रेटते ते मोजायचं आणि कमी करायचं, एवढंच माझं काम. यावर पुढचा विनोद ठरलेला असतो: तळवड्याच्या चौकात गाडी हलतच नाही, तर हवा कशाला रेटेल? हा विनोद मला गेटवरच्या सिक्युरिटीपासून व्हाइस प्रेसिडेंटपर्यंत सगळ्यांनी ऐकवला आहे, आणि प्रत्येकाने तो स्वतःला आत्ताच सुचल्यासारखा ऐकवला आहे. मी प्रत्येक वेळी हसते. माझ्या नोकरीतलं निम्मं कौशल्य ते आहे.

कॉम्प्युटरवर गाडीभोवती लाल-निळ्या रेघा काढून दाखवता येतात. मोठी माणसं त्या पाहून खूश होतात, कारण त्या कळत नाहीत पण छान दिसतात. शेवटी मात्र खरी गाडी विंड टनेलमध्ये न्यावी लागते. हा एक प्रचंड बोगदा असतो. गाडी त्यात जागेवर उभी असते आणि एका टोकाचा दोन मजली पंखा तिच्यावर वारा सोडतो. गाडीखाली एक तराजू असतो, वाऱ्याने किती ढकललं ते तो सांगतो. आम्हाला हवा होता तसा बोगदा आमच्याजवळ नव्हता. परदेशातल्या एकाने दोन दिवस दिले, रोजचे आठ तास. या सोळा तासांत काय काय करायचं याचा प्लॅन माझ्याकडे आला.

याआधी आमचे लोक दोनदा बोगद्यात जाऊन आले होते. दोन्ही वेळा प्लॅन माझा आणि बोर्डिंग पास दुसऱ्यांचे होते. पहिल्यांदा ‘तुझं बाळ लहान आहे’ म्हणून, दुसऱ्यांदा ‘आता शाळा सुरू होईल ना त्याची’ म्हणून. मला कुणी विचारलं नव्हतं. सांगितलं होतं, आणि तेही इतक्या काळजीच्या सुरात, की मी दोन्ही वेळा थँक्यू म्हणाले होते. तेव्हा या खेपेला मी मनाशी गाठ मारून ठेवली होती, की काही झालं तरी जायचं.

प्लॅन म्हणजे रनची यादी. गाडीवर एक बदल करायचा, पंखा सुरू करायचा, आकडा घ्यायचा, पंखा बंद करायचा, पुढचा बदल करायचा. एवढा एक रन. बाहेरच्याला वाटतं वेळ वाऱ्याला लागतो. वाऱ्याला काही लागत नाही, तो बारा मिनिटांत काम उरकून मोकळा. वेळ लागतो तो बदलाला. लग्नाच्या पंगतीत स्वयंपाक कितीही चांगला असो, वाढपी हुशार नसतील तर पहिल्या पानावर भात येईपर्यंत शेवटचं पान वाळून जातं. टनेलच्या प्लॅनचं तसंच आहे.

ही गोष्ट सोडून बाकी सगळ्या गोष्टींवर आमच्या मीटिंगा झाल्या. मी अठरा रन लिहून नेले होते. मार्केटिंगवाल्याला टपावर सामान बांधून दोन रन हवे होते.  कुणाला एक रन बॉनेटवर झेंडा लावून हवा होता, पंधरा ऑगस्टचा विचार करून. एका ज्येष्ठ माणसाने विचारलं, वारा मागून सोडून बघता येईल का, रिव्हर्स घेतानाचा परिणाम कळेल. हे मी मीटिंगच्या मिनिट्समध्ये जसंच्या तसं लिहिलं, आणि त्यावर ‘चर्चा करून ठरवू’ असं उत्तर आलं. खिडक्या उघड्या ठेवून एक रन करावा असं एक जण म्हणाला, कारण आपली माणसं खिडक्या उघड्याच ठेवतात. ही त्या दिवसातली एकमेव शहाणी सूचना होती, म्हणून ती पहिल्यांदा काढून टाकली. यादी बत्तीसवर गेली.

शिवाय येणारा आकडा आधीच ठरला होता. व्हाइस प्रेसिडेंटनी, ज्यांना आम्ही मोठे साहेब म्हणतो, तो सगळ्या कर्मचाऱ्यांसमोर स्टेजवरून जाहीर केला होता. टाळ्याही पडल्या होत्या. पत्रिका छापून झाल्यावर मुलगी बघायला जावं, तशी आम्ही चाचणीला निघालो होतो.

बत्तीस रन सोळा तासांत बसवायचे तर प्रत्येक बदल किती मिनिटांत होतो हे माहीत हवं. म्हणून मी स्टॉपवॉच घेऊन मॉडेल शॉपमध्ये गेले, मिस्त्रींकडे.

मिस्त्री आमचे क्ले मॉडेलर. क्ले म्हणजे तपकिरी, मेणचट माती. ओव्हनमध्ये गरम केली की लोण्यासारखी मऊ होते, थंड झाली की दगड. नव्या गाडीचे आकार आधी तिच्यात घडवतात. मिस्त्री मूळचे लातूरकडचे. भोसरीच्या एका फाउंड्रीत ओतकामाचे लाकडी नमुने करायचे. ती कामं मशीनवर गेली तेव्हा ते आमच्याकडे आले, कॉन्ट्रॅक्टवर, आणि अकरा वर्षं कॉन्ट्रॅक्टवरच होते. बायको आणि पॉलिटेक्निकला असलेल्या मुलीबरोबर कुरुळीत भाड्याने राहायचे. वय पन्नाशीचं. हाताचा तळवा गाडीच्या अंगावरून फिरवायचे तेव्हा डोळे मिटायचे, आणि अर्ध्या मिलिमीटरचा उंचवटा असला तरी तिथे थांबायचे. नंतर मोजायचं यंत्र त्याच जागी बोट ठेवायचं. त्या यंत्राला एअरकंडिशन खोली होती. मिस्त्रींना एक टेबलफॅन.

आमच्या चाचणीचा जीव बंपरच्या कोपऱ्यात होता. समोरून आलेली हवा तिथे वळते. कोपरा नीट असेल तर ती गाडीच्या अंगाला धरून मागे जाते, नसेल तर फाटते आणि गाडीला ओढते. आम्हाला चार आकारांचे कोपरे आलटून पालटून लावून बघायचे होते. जुना काढायचा, नवा टेपने बसवायचा, सांध्यात गरम क्ले भरायची आणि बोटाला लागणार नाही इतकी साफ करायची. मिस्त्रींनी माझ्यासमोर दोन्ही बाजूंचे कोपरे सहा वेळा बदलले. मी सहा वेळा घड्याळ लावलं. सरासरी चौदा मिनिटं आली. मजा म्हणून मी स्वतः एकदा करून बघितलं. पाऊण तासाने मिस्त्री म्हणाले, “मॅडम, राहू द्या. जेवायची सुट्टी झाली.”

मी प्लॅनमध्ये लिहिलं: कोपरा बदल, चौदा मिनिटं. शेजारी ‘कोण करणार’ असा रकाना होता. त्यात नाव निवडायची यादी येते, आणि त्या यादीत फक्त पर्मनंट लोक असतात. मिस्त्रींचं नाव तिथे असणं शक्य नव्हतं. मी ‘टीम’ असं निवडलं आणि पुढे गेले. बत्तीस ओळींत बत्तीस वेळा ‘टीम’. दिसायलाही बरं दिसत होतं.

त्या दिवशी हात पुसता पुसता मिस्त्रींनी मला विचारलं, “मॅडम, तिथं धूर सोडून दावतेत म्हणं. वारं कुठनं जातंय ते दिसतंय म्हणं खरंच?”

मी म्हटलं, दिसतं. धुराची बारीक रेघ सोडतात, ती गाडीवरून जाताना वारा कसा जातो ते कळतं.

“मला येकदा बघायचंय ते. अकरा वर्सं झाली घासायलोय. इथं चिकटतंय म्हणतेत, तिथं सुटतंय म्हणतेत. तुमी म्हणायलात म्हणून मी घासायचं. माझ्या हाताखालनं ते खरंच सरळ जातंय का, येवढं येकदा डोळ्यानं बघायचंय.”

मी म्हटलं, “तुम्हाला यावंच लागेल, मिस्त्री. तुमच्याशिवाय बदल करणार कोण?”

हे मी मनापासून म्हटलं होतं, आणि ते खरंही होतं. जाणाऱ्यांच्या पहिल्या यादीत मी चार नावं घातली: मिस्त्री, मी, डिझाइनचा एक आणि मोजणीच्या उपकरणांचा एक. प्रवासाचं बघणाऱ्या ऑफिसने कॉन्ट्रॅक्टचा माणूस म्हणून नाक मुरडलं, पण विभागप्रमुखाची सही आणली तर जमेल असं म्हणाले. मिस्त्रींनी पासपोर्ट काढला. चौकशीला पोलीस कुरुळीत आला तेव्हा आजूबाजूच्या खोल्यांतली माणसं बाहेर येऊन उभी राहिली, काय केलं म्हणून. मिस्त्रींच्या बायकोने सगळ्यांना चहा पाजून सांगितलं, की कंपनी ह्यांना वारं बघायला पाठवतेय. हे मला मिस्त्रींनीच हसत हसत सांगितलं. हसताना ते तोंडावर हात धरायचे, आणि हाताची क्ले मिशीला लागायची.

आमच्याकडे परदेशदौरा हे काम नसतं, तो प्रसाद असतो. तो कुणाला मिळावा हे कामावरून ठरत नाही, पंगतीत कोण कुठे बसतो त्यावरून ठरतं. माझी यादी वर गेली तेव्हा मोठ्या साहेबांना आठवलं, की पुढच्या वर्षी आपण निवृत्त होतोय आणि विंड टनेल आपण कधी पाहिलंच नाही. प्रोग्रॅम मॅनेजरना आठवलं, की प्रोग्रॅम त्यांचा आहे. डिझाइनच्या प्रमुखांना आठवलं, की हाताखालच्या पोराला गाडीच्या आकारामागचा भाव कसा कळणार, तो आपल्यालाच कळतो. उपकरणांच्या माणसाला काही आठवायच्या आत तो यादीतून गेला होता.

मग शेवटची मीटिंग झाली. अकरा माणसं, एक स्क्रीन, स्क्रीनवर माझा प्लॅन. मोठ्या साहेबांनी मोजलं. “मी, डिझाइन, प्रोग्रॅम. झाले तीन. चौथी सीट.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तू की तो मिस्त्री? तूच ठरव. प्लॅन तुझा आहे.”

बोलायची वेळ होती ती एवढीच. मी म्हणायला हवं होतं, की सर, बत्तीसपैकी बावीस रनमध्ये कोपरा बदलायचाय, तो बदलायला हात एकच आहे, आणि तो आपल्यापैकी कुणाचाही नाही. टनेल चालवायला टनेलची माणसं असतात. आकडे मला इथे बसून बघता आले असते, ते मेलवर येतात. मी नसते तर अडचण झाली असती. मिस्त्री नसतील तर चाचणी होणार नव्हती. हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

मला त्या क्षणी मिस्त्री आठवले नाहीत. मला ते दोन बोर्डिंग पास आठवले. मी नाही म्हटलं असतं तर सगळ्यांना किती बरं वाटलं असतं, तेही दिसलं. ‘घरी मूल आहे ना, योग्य निर्णय घेतलास’ असं म्हणायला किमान तिघं तयार बसले होते.

“प्लॅन मला चालवावा लागेल, सर,” मी म्हणाले.

प्रोग्रॅम मॅनेजरनी विचारलं, “आणि हे बदल कोण करणार?”

मोठ्या साहेबांनी स्क्रीनकडे बोट केलं. “टीम लिहिलंय ना. टीम म्हणजे आपणच की. चौदा मिनिटं तर आहेत.” सगळे हसले. मीही हसले. सांगितलंच आहे, ते मला चांगलं जमतं.

मिस्त्रींना सांगायला मी दुसऱ्या दिवशी गेले. म्हटलं, मॅनेजमेंटने सीट कमी केल्या. हे वाक्य खोटं नव्हतं, फक्त त्यातून मी गायब होते. मिस्त्री एक कोपरा घासत होते. घासायचे थांबले नाहीत. “व्हय का,” म्हणाले. मग थोड्या वेळाने, “तुमी तर जायलात ना मॅडम? मग झालं. तुमी बघा आणि मला सांगा.” आम्ही निघायच्या आधी त्यांनी आठही कोपऱ्यांना मऊ कापड गुंडाळून पेटीत भरून दिलं, प्रत्येकावर खडूने डावा-उजवा लिहून. सांध्यात माती कशी भरायची ते मला तीनदा दाखवलं. मला वाटलं कळलं.

पुढच्या दोन दिवसांबद्दल आमच्या कंपनीत एक सुंदर प्रेझेंटेशन आहे. मी ते केलंय, त्यामुळे त्यातलं काय खोटं आहे ते मला माहीत आहे.

टनेलच्या दोन तंत्रज्ञांनी आम्हाला सकाळी स्वच्छ सांगितलं, की पंखा आमचा, तराजू आमचा, गाडीवरचे बदल तुमचे. आम्ही तुमच्या मातीला हात लावणार नाही, तसं करारात आहे. मग ते कॉफीचे मग घेऊन काचेमागे बसले. पहिला कोपरा बदलायची वेळ आली. मोठे साहेब पंख्याकडे बघत होते. प्रोग्रॅम मॅनेजर घरून आणलेल्या चिवड्याचं पाकीट दाताने फोडत होते. डिझाइनच्या प्रमुखांनी बाह्या वर केल्या, क्लेला बोट लावलं, बोटाकडे बघितलं आणि रुमाल मागितला. टीम एवढीच होती. उरले मी.

पहिला कोपरा पन्नास मिनिटांत बसला. बसला म्हणजे मला तसं वाटलं. तिथल्या ओव्हनमधली क्ले जास्त तापली होती, ती बाहेरून घट्ट झाली आणि आतून पातळ राहिली. पंखा वेगात आला, आणि सांध्यातला भजीएवढा गोळा निघून मागच्या जाळीवर जाऊन चिकटला. तंत्रज्ञांनी पंखा बंद केला. काचेमागून ते माझ्याकडे रागाने बघत असते तर परवडलं असतं, ते सहानुभूतीने बघत होते. जाळी साफ करायला एक तास गेला. त्या तासात मोठ्या साहेबांनी मला समजावलं, की प्लॅनिंगमध्ये नेहमी थोडा बफर ठेवावा.

आत मोबाइल नेता येत नव्हता. मी बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये जाऊन मिस्त्रींना फोन लावला. चाकणला तेव्हा दुपार होती. मागे ग्राइंडरचा आवाज येत होता.

“ऊब किती हाय?” त्यांनी विचारलं.

मी ओव्हनवरचा आकडा सांगितला.

“आकडा नका सांगू. गालाला लावून बघा. गालाला सोसंल येवढीच पायजे.”

मी धावत आत गेले, मातीचा तुकडा गालाला लावला, भाजलं, धावत बाहेर आले, भाजलं म्हणून सांगितलं. “मग पंखा घाला तिला,” मिस्त्री म्हणाले. चाकणची सबंध दुपार मी त्या कॉरिडॉरमधून आत-बाहेर धावत होते. कॉरिडॉरमध्ये ऐकायचं, आत येऊन करायचं, काय बिघडलं ते बाहेर जाऊन सांगायचं. अंगठा कसा धरू? आडवा, नखाची बाजू वर. किती दाबू? चपातीची कडा दाबता तेवढं. मॅडम, चपात्या करता ना? नाही करत, मिस्त्री, बाई येते. “असू द्या,” ते म्हणाले, “जमंल.”

दुसऱ्या दिवसअखेर बत्तीसपैकी तेरा रन झाले. त्यातल्या दोनांत टपावर सामान होतं. ठरलेला आकडा काही आला नाही. चौथा कोपरा, जो सगळ्यात चांगला निघेल अशी माझी खात्री होती, तो लावून बघायला वेळच उरला नाही. तो कापडात गुंडाळलेलाच परत आला. शेवटच्या अर्ध्या तासात मोठे साहेब म्हणाले, आता धूर दाखवा. धूर सोडला. पांढरी रेघ बॉनेटवरून सरळ आली, उजव्या कोपऱ्याशी पोचली, आणि माझ्या सांध्यापाशी फाटून तिचा पिंजलेला कापूस झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धूर कसाही गेला तरी छानच दिसतो.

परत आल्यावर स्टेजवरून सांगितलं गेलं, की निकाल दिशेच्या दृष्टीने उत्साहवर्धक आहेत. जाहीर झालेला आकडा ‘पुढच्या टप्प्याचं ध्येय’ झाला. पुन्हा टाळ्या पडल्या. आणि मला अहवाल लिहायला सांगितला: बत्तीस ठरले असताना तेराच का?

मी तीन दिवस त्या अहवालाशी झटत होते. कारण एका ओळीचं होतं. ज्याच्या हातावर वेळ मोजली तो माणूस नेला नाही. पण ती ओळ लिहिली की पुढचा प्रश्न येणार, त्याच्या जागी कोण गेलं? मोठे साहेब, मॅनेजर, डिझाइनवाले यांना तो प्रश्न कुणी विचारणार नव्हतं. सीटचा निर्णय मीटिंगमध्ये माझ्या तोंडून झाला होता. मिनिट्स मीच लिहिले होते. मग मी लिहिलं: ‘बदलासाठीचं कौशल्य एकाच व्यक्तीपुरतं मर्यादित असल्याने वेळेचा अंदाज चुकला. उपाय: सदर कौशल्याचं पर्मनंट कर्मचाऱ्यांकडे हस्तांतरण.’ दोष मिस्त्रींच्या हातातल्या कलेचा निघाला, ती फक्त त्यांच्याकडेच होती म्हणून. मोठ्या साहेबांना ही मांडणी फार आवडली. या उपायाची जबाबदारी, अर्थातच, माझ्या नावावर आली. या वेळी नाव निवडायच्या यादीत नाव होतं.

तर मिस्त्रींनी मला शिकवायचं ठरलं. दोन आठवडे, रोज दुपारी एक तास. कोपरा बसवताना त्यांच्या हातांचा व्हिडिओ काढायचा, पायऱ्या लिहून काढायच्या, म्हणजे पुढच्या वेळी त्यांची गरज पडायला नको. हे त्यांना मी सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, कधीपास्नं? पहिल्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले, व्हिडिओ काढणार म्हणून. व्हिडिओत फक्त मनगटापर्यंतचे हात येणार आहेत हे सांगायचं माझ्या जिवावर आलं. मी सांगितलं नाही.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, “धूर बघितला का मॅडम?”

धुराचं चित्रण गोपनीय होतं. कॉन्ट्रॅक्टच्या माणसाला दाखवायचं नाही, असं त्या फोल्डरवरच लिहिलं होतं. अकरा वर्षं गाडी हाताने घडवणाऱ्याला ती गाडी वाऱ्यात बघायची परवानगी नव्हती. मला खूप संताप आला, आणि या खेपेला तो संताप मला सोयीचा होता, कारण तो नियमावर काढता येत होता. मी लॅपटॉप उघडून त्यांच्यासमोर ठेवला. मनात म्हटलं, एवढं तरी आपण त्यांना देतोय. मला थोडं शूर वाटलं हे कबूल करते.

मिस्त्रींनी हात धुतले, पुसले, चष्मा लावला आणि स्क्रीनपासून वीतभर अंतरावर बसले. रेघ बॉनेटवर आली तेव्हा त्यांचा तळवा आपोआप टेबलावर सरकायला लागला, रेघेच्याच वेगाने. ते हसत होते. “जातंय की सरळ,” म्हणाले, “बघा, बघा.” मग रेघ कोपऱ्याशी आली. त्यांचा हात थांबला.

त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा स्वतःच लावलं. जिथे धूर फाटत होता तिथे काचेवर बोट टेकवलं.

“हा कोपराबी तुमीच बसवला?”

“मीच,” मी म्हणाले.

“तरीच.” त्यांनी चष्मा काढला. “मग ह्यात माझं काय न्हाई, मॅडम. मला वाटलं माझं काम दिसंल. हे तुमचं हाय.”

रागावले नव्हते. आवाज चढला असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं, मॅनेजमेंट, नियम, सीट वगैरे. त्यांनी लॅपटॉपचं झाकण हलकेच लावून तो माझ्याकडे सरकवला, ओव्हनमधून मातीचा तुकडा काढून गालाला लावून बघितला आणि माझ्या हातात दिला. मग माझा अंगठा धरून सांध्यावर आडवा ठेवला, नखाची बाजू वर.

“नीट शिकून घ्या,” ते म्हणाले. “पुढच्या टायमालाबी तुमीच जानार हाव.”

तेव्हाही मला म्हणता आलं असतं, नाही मिस्त्री, पुढच्या वेळी तुम्ही जाल. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. कुणी सीट मोजत नव्हतं.

मी ‘हो’ म्हणाले, आणि त्यांनी दाखवलं तसं दाबत राहिले.